चला, सायकलवरून धनेगावला!

प्रवासाबद्दल कुणी लिहायला घेतलं की आपल्याला वाटतं, आता काश्मीर नाहीतर केरळ येणार. तिकिटं, बॅगा, मुलांची औषधं, चिवड्याचे डबे आणि घरी परतल्यावर आठवडाभर पुरेल एवढं धुणं! मैत्रिणींनो, आज मी तुम्हांला ज्या सहलीला नेणार आहे तिला यांतलं काहीच लागत नाही. लागते ती एक साधी सायकल, फडक्यात बांधलेले चार धपाटे, दोन बाटल्या पाणी आणि रविवारची एक सकाळ. एवढ्या भांडवलावर मी आणि माझी धाकटी जाऊ अशा दोघी गेल्या जानेवारीत केजहून मांजरा धरणापर्यंत जाऊन आलो. जाता-येता पन्नासेक किलोमीटर झाले असतील.

केज हे बीड जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. बालाघाटच्या पठारावरचं. इथं बघण्यासारखं काय, असं कुणी विचारलं तर आम्ही केजकर बायका जरा अडखळतो. योगेश्वरीचं दर्शन घ्यायचं तर अंबाजोगाई, वैजनाथाचं घ्यायचं तर परळी, किल्ला बघायचा तर धारूर. केज सगळ्यांच्या मधे. पाहुणे येतात ते कामानं, आणि काम झालं की जातात. धुळवडीला मात्र आमच्या तालुक्याचं नाव वर्तमानपत्रात हमखास येतं. विडा गावी त्या दिवशी एका जावईबापूंना गाढवावर बसवून गावभर मिरवतात आणि मग नवे कपडे देऊन त्यांचा मान करतात. प्रथा कित्येक वर्षांची आहे. त्यामुळे शिमग्याच्या सुमारास जावई मंडळी तिकडं फिरकायला धजत नाहीत म्हणे!

मी या गावात सून म्हणून आले त्याला आता बरीच वर्षं झाली. सकाळी घर, दुपारी शाळेत अर्धवेळ शिकवणं, संध्याकाळी पुन्हा घर. तालुक्यातली गावं मला माहीत होती ती एसटीच्या पाट्यांवरून आणि मुलांच्या दाखल्यांवरून. स्वतःच्या पायांनी एकही गाव पाहिलेलं नव्हतं. तुमचंही थोडंफार असंच असेल. आपण जातो ते लग्नाला, बारशाला, दवाखान्यात, नाहीतर देवाला. नुसतं जायचं म्हणून आपण कधी कुठं जातो का हो?

मध्यंतरी फ्रान्समधल्या सायकल-सहलींबद्दल माझ्या वाचनात आलं. तिथं नांत ते ब्रेस्त असा साडेतीनशे किलोमीटरहून लांब कालवा एकोणिसाव्या शतकात खोदला. त्याच्या काठानं घोडे चालायचे आणि दोरानं होड्या ओढायचे. पुढं रेल्वे आली, मोटारी आल्या, घोड्यांचं काम संपलं. पण काठच्या त्या वाटा तिथल्या लोकांनी मोडल्या नाहीत. आज त्यांवरून सायकली जातात. बंद पडलेल्या रेल्वेचे रूळ काढून अशाच वाटा केल्या आणि त्यांना नाव दिलं ‘हिरव्या वाटा’. पश्चिम फ्रान्समध्ये ‘मारे प्वातव्हँ’ नावाचा मोठा पाणथळ मुलूख आहे. मध्ययुगात तिथल्या मठांतल्या साधूंनी चर खणून दलदलीतून शेती काढली. पूर्वी तिथं गाईगुरंसुद्धा सपाट तळाच्या होडीतून चरायला नेत. अशा मुलखातून मोटारीचा आवाज कानांवर न पडता दिवसभर सायकल चालवायची, ही तिथल्या घरगुती लोकांची सुट्टी. बायका, म्हातारी माणसं, लहान मुलं, सगळी जातात.

वाचून मी मनाशी म्हटलं, पाणथळ तर आपल्याही तालुक्यात आहे. धनेगावला मांजरेवर धरण आहे, त्याचा फुगवटा पार कळंबच्या बाजूला पसरलेला आहे. घोड्यांच्या वाटा नसतील, पण गावाला गाव जोडणारे आडरस्ते आहेत. २००० साली प्रधानमंत्री ग्रामसडक योजना निघाल्यापासून अशा कितीतरी रस्त्यांवर डांबर पडलं. मग अडतंय कुठं?

अडत होतं ते एका प्रश्नाशी. पुतणी शिकायला लातूरला गेली तेव्हापासून तिची सायकल ओसरीत उभी होती. शेजारणीची दुसरी मिळाली. डिसेंबरभर आम्ही दोघी पहाटे गावाबाहेर चार-पाच किलोमीटर जाऊन यायचो. त्याला कुणी काही म्हणालं नाही; व्यायाम समजले. धनेगावचं नाव काढल्यावर मात्र सासूबाईंनी विचारलं, “तिकडं काय काम आहे?” आमच्या ह्यांनीही तेच विचारलं. काम काही नाही, हे सांगायला मला जितके कष्ट पडले तितके पुढं पन्नास किलोमीटरलाही पडले नाहीत. शेवटी सासूबाईच म्हणाल्या, “जाऊन या बाई. एक दिवस भाकरी मी टाकते.”

साडेसहाला निघालो तेव्हा अंधारच होता. मांजरसुंब्याहून केजवरून अंबाजोगाई-लातूरकडे जाणारा हमरस्ता आम्ही मुद्दाम टाळला. तिथं मालमोटारींची रांग असते. त्यात हिवाळ्यात साखर कारखाने चालू, म्हणजे दोन-दोन ट्रॉल्या लावलेले उसाचे ट्रॅक्टर. ट्रॉलीच्या बाहेर हातभर ऊस लोंबत असतो आणि मागच्या ट्रॉलीला दिवा असेलच असं नाही. सायकलवाल्यानं त्या वाटेला जाऊ नये. आम्ही युसूफवडगावच्या अंगाचे आतले रस्ते धरले.

पहिल्या दोन किलोमीटरांत गावाचा आवाज मागं पडला आणि सायकलच्या साखळीची बारीक करकर तेवढी राहिली. दोन्ही बाजूंना ज्वारी पोटरीतून बाहेर पडून डोलत होती. हरभऱ्यावर दव होतं. कुठं तूर काढून पेंढ्या उभ्या केलेल्या, कुठं आगटीवर हुरडा भाजल्याचा वास. स्कूटीवरून मी या वाटेनं एकदा गेले होते, पण हा वास तेव्हा आला नव्हता. वारा कानांत भरतो तेव्हा बाकी काही आत शिरत नाही. सायकलवर आपण शेतातल्या माणसाशी न थांबता दोन वाक्यं बोलू शकतो, एवढाच वेग असतो. लातूर-धाराशिवच्या शिवेलगतच्या आमच्या गावांतून वेळ अमावास्येचा सण करतात. शेतात कडब्याची कोप उभारून पूजा करायची आणि भज्जी, आंबील, उंडे यांचं वनभोजन करायचं. सण होऊन गेला होता, पण एका शेतात कोप अजून उभी होती. तिच्या आडोशाला बसून आम्ही पहिलं पाणी प्यायलो.

वाटेत जो भेटे तो एकच विचारी. पहिला म्हणाला, “गाडीतलं पेट्रोल संपलं का?” दुसरा म्हणाला, “कुणाचं काही बरंवाईट झालं का?” बाईमाणूस इतक्या सकाळी सायकलवर निघालं म्हणजे एक तर गाडी बिघडली, नाहीतर निरोप वाईट आला. जाऊ हसून सांगायची, “काही नाही दादा, फिरायला!” त्यावर काय बोलावं ते त्यांना सुचत नसे. काही जण नुसतेच मान हलवून बाजूला होत.

रस्ते इतके निवांत होते की मला फ्रान्सची आठवण झाली. पण मैत्रिणींनो, एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. आमच्याकडची सगळीच शांतता चांगली नसते. एका गावात शिरलो तर आठ वाजले तरी चार घरांना ओळीनं कुलपं. अंगणं झाडलेली नाहीत. ओट्यावर म्हातारी माणसं ऊन खात बसलेली. दसरा-दिवाळीनंतर बीड जिल्ह्यातली हजारो कुटुंबं ऊस तोडायला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, ती उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. नवरा-बायको मिळून हिशेबात ‘एक कोयता’ धरतात. दोघं मिळून एक! मुकादमाकडून घेतलेली उचल त्या एका कोयत्यावर फेडायची. माझ्या वर्गातही दिवाळीनंतर काही बाक रिकामे होतात आणि ते का झाले हे मला ठाऊक असतं. पण रिकाम्या बाकाच्या मागं रिकामं घर कसं दिसतं, ते मी त्या सकाळी पाहिलं.

त्याच गावात देवळापाशी अकरा-बारा वर्षांची एक मुलगी कडेवर भावाला घेऊन उभी होती. आईवडील तोडीला गेलेले, ही आजीजवळ राहून शाळेत जाते. आजीला दिसत कमी, म्हणून सकाळचा स्वयंपाक हिच्याकडे. तिची नजर सायकलवरून हलेना. “बसू का?” तिनं विचारलं. भावाला माझ्याकडे दिलं आणि जाऊच्या सायकलवर बसून देवळाभोवती दोन फेऱ्या मारल्या. मामाच्या गावी शिकले म्हणाली. कितवीत आहेस म्हटलं, तर सातवीत. आठवीची शाळा? ती शेजारच्या गावात, चार किलोमीटरवर. “मग पुढच्या वर्षी?” तिनं भावाला परत घेतलं आणि म्हणाली, “आजी म्हणती बघू.” हे ‘बघू’ तुम्हांआम्हांला चांगलं माहीत आहे.

पावणेदहाला पाणी दिसलं. मांजरा धरण मातीचं आहे. भिंत चार किलोमीटरहून लांब आणि दरवाजे अठरा. काम १९८० साली पुरं झालं. मांजरा नदी आमच्याच जिल्ह्यात, पाटोदा तालुक्यात बालाघाटच्या डोंगरात उगम पावते. तिथून महाराष्ट्र, कर्नाटक, तेलंगण अशी सातशे किलोमीटरांहून जास्त वाट चालून ती गोदावरीला मिळते. आमच्या तालुक्यात मात्र तिला थांबवून धरलेलं आहे. केज, कळंब, अंबाजोगाई, धारूर आणि लातूर या गावांना प्यायला पाणी इथूनच जातं. नळाला पाणी आलं की झोपेतून उठून आपण पिंपं भरतो, पण ते ज्या तळ्यातून येतं ते तळं किती जणींनी पाहिलंय?

भिंतीकडे न जाता आम्ही फुगवट्याच्या कडेला गेलो. पाणी पावसाळ्यानंतर हळूहळू मागं सरतं आणि मऊ काळी जमीन उघडी पडते. तिला इकडं गाळपेर म्हणतात. तिच्यावर लोक चारा घेतात, कुठं टरबुजं लावतात. पाय ठेवला की घोटाभर रुततो. काठाला बगळे, पाणकावळे आणि सारखी ओरडणारी टिटवी. थोडं आत नारिंगी रंगाच्या बदकांची एक जोडी होती, ते चक्रवाक. लडाख-तिबेटाकडचा हा पक्षी हिवाळ्यात आपल्या दख्खनच्या जलाशयांवर उतरतो. आमची माणसं पोटासाठी बाहेर गेलेली असतात तेव्हा हे पाहुणे पोटासाठी इथं आलेले असतात. लांब एक भोई तराफ्यावर बसून जाळं ओढत होता. त्याच्या वल्ह्याचा आवाज एवढ्या लांबून स्पष्ट ऐकू येत होता.

तिथं शेळ्या राखणाऱ्या एक आजी भेटल्या. त्यांनीही विचारलंच, “काय काम काढलं माय?”

“काही नाही आजी, पाणी बघायला आलो.”

“मग बघा की,” त्या म्हणाल्या. “आम्ही रोजच बघताव.”

सकाळपासून भेटलेल्या माणसांत या एकट्याच अशा, की ज्यांना आमच्या उत्तराचं नवल वाटलं नाही. आमच्या धपाट्यातला अर्धा त्यांनी घेतला, आम्हांला ओंजळभर बोरं दिली. मग पाण्याकडे बोट करून म्हणाल्या, “त्या तिकडं माझं घर व्हतं. नवी नवरी म्हणून तिथं उतरले.” धरण झालं, गाव पाण्यात गेलं, वर नवं गाव बसलं. २०१६ साली दुष्काळात धरण पार आटलं तेव्हा त्या चालत आत गेल्या होत्या. “जोतं दिसलं. चुलीची जागा बघून आले. बसले थोडा वेळ.”

ते वर्ष तुम्हांला आठवत असेल. लातूरला प्यायला पाणी उरलं नाही आणि १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पाण्याची रेल्वेगाडी लातुरात आली. साऱ्या देशानं ती बातमी वाचली. आम्ही इकडं भांडी राखेनं घासून पुसून घेत होतो, आणि कपडे धुतलेलं पाणी झाडांना द्यायचं की संडासात टाकायचं याचा हिशेब करत होतो. पुढं २०२१ च्या सप्टेंबरात पाऊस इतका झाला की धरणाचे अठराही दरवाजे उघडावे लागले आणि खालच्या गावांतली उभी पिकं वाहून गेली. एकाच तळ्याची ही दोन रूपं, मधे फक्त पाच वर्षं. आजींच्या शेजारी बसून ते शांत निळं पाणी बघताना मला दोन्ही आठवली. घरी आल्यापासून नळ जरा ठिबकत असला तरी मी उठून बंद करते. आता त्या पाण्याखाली कुणाची तरी चूल आहे, हे मला माहीत आहे.

अकराला निघून दोनच्या सुमारास आम्ही घरी पोचलो. येताना जाऊच्या सायकलचं पुढचं चाक पंक्चर झालं. ते कसं काढायचं ते आम्ही शिकून घेतलं होतं, म्हणून अर्ध्या तासात काम झालं. तेवढ्यात जवळच्या वस्तीवरची एक बाई तांब्याभर ताक घेऊन आली.

आता तुम्हीही निघणार असाल, तर चार गोष्टी सांगते.

एकदम पन्नास किलोमीटर ठरवू नका. महिनाभर रोज अर्धा तास, मग दहा, मग वीस, असं वाढवत जा. सीटची उंची अशी ठेवा की पायडल खाली गेल्यावर गुडघा किंचित वाकलेला राहील. सीट फार खाली असली की गुडघे दुखतात आणि दोष वयाला जातो! साडीवर जाता येतं, पण निऱ्या वर खोचून आणि साखळीला झाकण असेल तरच. सलवार-कमीज बरा. ओढणी कमरेला घट्ट बांधा, चाकात गेली तर जिवावर बेतेल. दर माणशी दोन लिटर पाणी, हवेचा छोटा पंप, पंक्चरचं सामान, टोपी आणि थोडा गूळ-शेंगदाणा. दशम्या-धपाटे टिकतात, भात नेऊ नका. कुत्री अंगावर आली तर पळवू नका. उतरा, सायकल मधे धरा आणि सावकाश चालत पुढं जा.

संकोच वाटतो म्हणून पाणी न पिता जाणाऱ्या बायका मला ठाऊक आहेत. असं करू नका. गावातल्या कुठल्याही घरी जाऊन बाईला विचारा, आम्हांला एकदाही कुणी नाही म्हटलं नाही. एकटीनं जाऊ नका, दोघी-तिघी असा. कुठल्या रस्त्यानं जाणार आणि किती वाजता येणार ते घरी सांगून ठेवा. धरणाच्या भिंतीवर परवानगीशिवाय चढू नका, गाळात फार आत शिरू नका. आणि अंधार पडायच्या आत परत या.

सायकल ही पोरीसोरींची वस्तू, असं ज्यांना वाटतं त्यांना तामिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्याची हकीकत सांगा. १९९१ साली तिथं साक्षरतेच्या मोहिमेबरोबर बायकांना सायकल शिकवण्याचा कार्यक्रम निघाला. शेतावर राबणाऱ्या, खाणीत दगड फोडणाऱ्या हजारो बायका सायकल शिकल्या. पाणी आणायला, माल विकायला, मुलांना शाळेत सोडायला कुणाची वाट बघायची त्यांना गरज उरली नाही. आपल्याकडेही मानव विकास कार्यक्रमातून काही तालुक्यांत आठवीपासून पुढच्या गरजू मुलींना सायकलीसाठी मदत मिळते. तुमचा तालुका त्यात आहे का, हे जवळच्या हायस्कुलात जरूर विचारा. मी विचारते आहे. देवळापाशी भेटलेल्या त्या मुलीचं ‘बघू’ जूनच्या आत मिटवायचं आहे. काहीच जमलं नाही, तर पुतणीची सायकल आहेच.

तुमच्या गावाजवळही एखादा तलाव असेल, नदी असेल, कालवा असेल. तिथवर जाणारा एखादा आडरस्ता असेल, ज्याची पाटी तुम्ही वर्षानुवर्षं एसटीतून वाचत आला आहात. येत्या रविवारी भाकरीचं बघायला कुणाला तरी सांगा आणि एखाद्या मैत्रिणीला हाक मारा. वाटेत कुणी काम विचारलंच, तर बिनधास्त सांगा, काही काम नाही, बघायला निघालो आहोत. मग, कधी निघताय?